जखम केवढी आणि वेदना केवढी?

विळ्यानें, विळीनें किंवा कुऱ्हाडीनें ज्याचें बोट एकदां तरी कापलें नाहीं असा विद्यार्थी आमच्या पोंभुर्णा तालुक्यांत शोधूनहि सांपडावयाचा नाहीं. आमचा मुलूख धानाचा आणि जंगलाचा. बांधींतील धान विळ्यानें कापावें लागतें, सरपण कुऱ्हाडीनें फोडावें लागतें, आणि बुरडाच्या घरीं तर बांबू चिरणारी सुरी सकाळपासून संध्याकाळपर्यंत हातांतून सुटत नाहीं. तेव्हां धारेची जखम ही आम्हांस कांहीं नवी वस्तु नव्हे. परंतु जी गोष्ट रोज डोळ्यांसमोर असते तिच्याविषयीं माणूस विचार करीत नाहीं, असा अनुभव आहे. मोठी जखम झाली कीं वेदना मोठी आणि लहान जखम झाली कीं वेदना लहान, असा हिशेब आपण सर्वांनीं मनाशीं मांडून ठेविलेला असतो. हा हिशेब चुकीचा आहे. तो चुकीचा आहे हें आम्हांस एका विद्यार्थ्याचें नुकसान झाल्यावर कळलें, म्हणून ती हकीकत प्रथम सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं दिवाळीची सुटी संपून शाळा नुकतीच उघडली होती. एका मुलाच्या पायांत बाभळीचा कांटा मोडला आणि तो वर्गांत मोठ्यानें रडूं लागला. त्याच आठवड्यांत दुसरा एक मुलगा डाव्या हातास मळकें फडकें गुंडाळून आला. आम्हीं फडकें सोडून पाहिलें, तों करंगळीच्या बाजूस तळहात चांगला दोन इंच चिरलेला. धान कापतांना डाव्या मुठींत धरलेल्या धांड्यांवरून विळा घसरला होता. आमच्या अंगावर कांटा आला. "अरे, दुखत नाहीं का?" असें आम्हीं विचारलें. तो हंसून म्हणाला, "नाहीं जी गुरुजी, कांहींच नाहीं. रक्त दिसलें तेव्हां समजलें." आम्हीं त्याला सर्व वर्गापुढें उभें करून त्याच्या धैर्याची स्तुति केली, आणि कांट्यासाठीं रडणाऱ्या मुलास चार शब्द सुनावले. दोन्ही बाबतींत आमची चूक झाली. ती कशी, हें समजण्यासाठीं वेदना म्हणजे काय हें आधीं पाहिलें पाहिजे.

आपल्या त्वचेंत मज्जातंतूंचीं असंख्य बारीक टोकें पसरलेलीं आहेत. त्यांपैकीं कांहीं केवळ स्पर्शाची वार्ता नेतात, कांहीं उष्णतेची, आणि कांहीं इजेची. विळ्याचें पातें त्वचेंत शिरलें म्हणजे इजेची वार्ता नेणारे तंतु जागे होतात व विजेच्या सूक्ष्म लहरींच्या रूपानें ती पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूकडे आणि तेथून मेंदूकडे धाडतात. परंतु हे सर्व जासूद सारख्या वेगाचे नाहींत. एका जातीचे तंतु सेकंदास पांचपासून तीस मीटर अंतर तोडतात. दुसऱ्या जातीचे तंतु अतिशय बारीक, आणि त्यांचा वेग सेकंदास सुमारें एक मीटर. पायाच्या बोटापासून मज्जारज्जूपर्यंतचें अंतर सुमारें एक मीटर धरलें, तर पहिली वार्ता क्षणार्धाच्या आंत पोंचते व दुसरीस सुमारें एक सेकंद लागतो. म्हणूनच ठेंच लागतांच प्रथम एक तीक्ष्ण कळ येते, मग किंचित् थांबून ठणका सुरू होतो. विद्यार्थ्यांनीं हा अनुभव आठवून पाहावा.

तीक्ष्ण कळ सांगते, "हात मागें घे." ठणका सांगतो, "आतां हा हात जपून वापर." जखमेभोंवतालच्या पेशींतून जे रासायनिक पदार्थ स्रवतात त्यांच्यामुळें तेथील तंतु अधिकच हळवे होतात, आणि दुसऱ्या दिवशीं कपडा लागला तरी आपण ओरडतों. ही शरीरानें जखमेभोंवतीं घातलेली कुंपणाची काटेरी फांदीच समजावी.

आतां धारेच्या हत्याराचा विशेष पाहूं. बोथट पातें मांस फाडतें व चिरडतें. तीक्ष्ण पातें पेशींची अगदीं अरुंद रांग छेदून निघून जातें, म्हणून त्या क्षणीं थोडेच तंतु डिवचले जातात. न्हाव्याच्या वस्तऱ्यानें कापलेलें पुष्कळदां रक्त दिसल्यावरच कळतें तें यामुळें. उलट बोटाच्या टोकावर तंतूंची इतकी दाटी आहे कीं कागदाच्या कडेनें पडलेली केंसाएवढी चीरहि दिवसभर झोंबते. शरीराच्या आंत तर आणखीच आश्चर्य आहे. आतडें कापलें असतां दुखत नाहीं, परंतु ताणलें गेलें असतां असह्य कळा येतात. आणि सर्व वेदना ज्याच्या ठायीं जाणवतात तो मेंदु स्वतः कापला तरी त्यास वेदना नाहीं. पोटांत सुरा भोंसकल्यावर त्या वेळीं केवळ बुक्की बसल्यासारखें वाटलें, असें सांगणारे जखमी लोक पुष्कळ आढळतात. अशी जखम बाहेरून बोटभर दिसते, दुखतेहि बेताची, आणि आंत रक्तस्राव चालू असतो. म्हणून वेदनेवरून जखमेची खोली मोजणें हें जिवावर बेतणारें अज्ञान आहे.

येथवर तंतूंची गोष्ट झाली. परंतु तंतूंनीं आणलेली वार्ता स्वीकारावी कीं दाराशीं थांबवावी, हें ठरविणारा अधिकारी वेगळाच आहे. महाराष्ट्रांतील प्रत्येक मुलास बाजीप्रभु देशपांडे ठाऊक आहेत. 1660 सालच्या जुलै महिन्यांत, शिवाजी महाराज विशाळगडास पोंचेपर्यंत, त्यांनीं घोडखिंड रोखून धरली. सर्वांगावर वार झाले असतांहि गडावरील तोफांचे आवाज कानीं पडेपर्यंत ते लढत राहिले, असें परंपरा सांगते. हें केवळ शाहिरी वर्णन आहे काय? शरीरशास्त्र म्हणतें, असें घडूं शकतें.

मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचें उदाहरण पाहा. 1844 सालीं दक्षिण आफ्रिकेंत माबोत्सा येथें एका सिंहानें त्यांच्यावर झेप घेतली, दंडाचें हाड चुरडलें, आणि कुत्रा उंदराला झटकतो तसें त्यांना झटकलें. पुढें 1857 सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनांत त्यांनीं लिहिलें आहे कीं, त्या क्षणीं आपणांस सर्व कांहीं कळत होतें, परंतु एक प्रकारची गुंगी आली होती. वेदना नव्हती व भयहि नव्हतें. ही दयाळु ईश्वराची योजना असावी असें त्यांस वाटलें. ताडोबाच्या परिसरांत राहणाऱ्या आम्हां लोकांस ही गोष्ट विशेष विचार करण्यासारखी आहे. तो दंड पुढें कधींच नीट जुळला नाहीं. 1873 सालीं ते वारल्यानंतर त्यांचा देह इंग्लंडांत आणला गेला, तेव्हां त्या मोडक्या हाडावरूनच त्याची ओळख पटली. वेदना झाली नाहीं, म्हणून इजा लहान नव्हती.

दुसऱ्या महायुद्धांत इटलीच्या रणांगणावर हेन्री बीचर नांवाच्या अमेरिकन डॉक्टरांनीं गंभीर जखमी सैनिकांस विचारपूस केली. 1946 सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें कीं, सुमारें तीन चतुर्थांश सैनिकांस वेदनाशामक औषध मागण्याइतकीहि वेदना होत नव्हती. त्यांचे तंतु बधिर झाले होते असें मात्र नव्हे, कारण शिरेंत सुई नीट टोंचली गेली नाहीं तर हेच सैनिक इतरांप्रमाणें तक्रार करीत. बीचर यांनीं पुढें नागरी रुग्णालयांतील शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांशीं तुलना केली. त्यांच्यांत औषध मागणारे कितीतरी अधिक निघाले. कारण काय? सैनिकास जखम म्हणजे रणांगणांतून जिवंत सुटका वाटत होती, आणि गृहस्थास शस्त्रक्रिया म्हणजे संकट वाटत होतें. जखमेचा जो अर्थ मन लावतें, त्यावर वेदनेचा आकार ठरतो.

हें केवळ युद्धांतच घडतें असेंहि नाहीं. 1982 सालीं मेल्झॅक, वॉल व टाय या संशोधकांनीं एका रुग्णालयाच्या अपघात विभागांत आलेल्या 138 जखमींची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकीं 37 टक्के लोकांस इजा झाली त्या वेळीं वेदना झालीच नव्हती. कापणें, खरचटणें, भाजणें अशा केवळ त्वचेच्या जखमा ज्यांना होत्या, त्यांच्यांत हें प्रमाण 53 टक्के होतें. हाड मोडणें, खोल भोंसकणें अशा जखमा झालेल्यांत तें 28 टक्के होतें. बहुतेकांस तासाभरांत वेदना सुरू झाली, परंतु कांहींना कित्येक तासांनीं.

याची उपपत्ति मेल्झॅक व वॉल यांनींच 1965 सालीं मांडली होती. मज्जारज्जूंत जणूं एक फाटक आहे, आणि तें कमीअधिक उघडण्याचा हुकूम मेंदूकडून येतो, असें त्यांचें म्हणणें. तपशिलांत पुढें पुष्कळ सुधारणा झाल्या, परंतु मेंदु खालून येणारी वेदनेची वार्ता अडवूं शकतो हें तत्त्व टिकलें. 1975 सालीं स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथें ह्यूज व कोस्टरलिट्झ यांनीं मेंदूंतच तयार होणारे अफूसारखे पदार्थ शोधून काढले. संकटाच्या वेळीं शरीर स्वतःचें औषध स्वतःच देतें, असा याचा अर्थ. दुखऱ्या जागेवर आई हळूच हात फिरविते तेव्हां बरें वाटतें, त्याचेंहि कारण हेंच कीं, स्पर्शाची वार्ता त्या फाटकाशीं वेदनेच्या वार्तेस अडविते.

फाटक जसें बंद होऊं शकतें तसें तें विनाकारण सताड उघडेंहि राहूं शकतें. इंग्लंडांत एका बांधकाम कामगारानें उडी मारली आणि एक लांब खिळा त्याच्या बुटांतून आरपार गेला. त्याला इतक्या वेदना होऊं लागल्या कीं डॉक्टरांना गुंगीचें औषध द्यावें लागलें. बूट काढून पाहतात तों खिळा दोन बोटांच्या मधून गेलेला, आणि पायाला साधा ओरखडाहि नाहीं. ही हकीकत 1995 सालीं तेथील वैद्यकीय नियतकालिकांत छापून आली. तो माणूस सोंग करीत नव्हता. डोळ्यांनीं जें पाहिलें त्यावरून मेंदूनें वेदना निर्माण केली, आणि ती वेदना खरीच होती. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनें 2020 सालीं वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हां तींत स्पष्ट सांगितलें कीं, वेदना ही ज्याची त्यालाच कळणारी गोष्ट आहे, आणि मला दुखतें असें कोणी म्हटलें तर त्या म्हणण्याचा मान राखावा.

मग कोणी म्हणेल, वेदना मुळींच नसती तर किती बरें झालें असतें! याचें उत्तर 2006 सालीं केंब्रिजच्या संशोधकांनीं प्रसिद्ध केलेल्या एका हकीकतींत आहे. उत्तर पाकिस्तानांत एक दहा वर्षांचा मुलगा रस्त्यावर खेळ करून दाखवीत असे. तो स्वतःच्या दंडांतून सुऱ्या आरपार घाली आणि निखाऱ्यांवरून चाले. त्याला जन्मतः वेदनाच नव्हती, कारण वेदनेची वार्ता नेण्यास लागणारी एक सूक्ष्म यंत्रणा त्याच्या शरीरांत बिघडलेली होती. चौदाव्या वाढदिवसाच्या सुमारास घराच्या छपरावरून उडी मारून तो मरण पावला. थांब, असें सांगणारा पहारेकरीच त्याच्या शरीरांत नव्हता.

हा पहारेकरी जन्मानंतरहि नाहींसा होऊं शकतो, आणि येथें आम्ही पुन्हा आपल्या जिल्ह्यांत येतों. नॉर्वेच्या हॅन्सन यांनीं 1873 सालीं ज्याचा शोध लाविला तो कुष्ठरोगाचा जंतु त्वचेंतील व हातापायांतील मज्जातंतूंवर हल्ला करतो. अंगावर एकादा फिकट किंवा तांबूस चट्टा उठतो आणि तेथील संवेदना कमी होते. तो दुखत नाहीं, खाजत नाहीं, म्हणून कोणी लक्ष देत नाहीं. या रोगानें बोटें आपोआप कुजून गळतात, असा समज शतकानुशतकें होता. तो समज मोडण्याचें मोठें श्रेय डॉ. पॉल ब्रँड यांस आहे. हे मिशनरी आईबापांच्या पोटीं 1914 सालीं दक्षिण हिंदुस्थानांतील कोल्ली डोंगरांत जन्मले, आणि 1946 सालीं वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत आले. एकदां एका कोठाराचें गंजलेलें कुलूप त्यांच्यानें उघडेना. तेव्हां एका कृश रुग्ण मुलानें किल्ली हातांत घेऊन तें सहज फिरविलें. डॉक्टर त्याच्या शक्तीचें आश्चर्य करतात तों जमिनीवर रक्ताचे थेंब दिसले. किल्लीनें त्या मुलाचें बोट हाडापर्यंत चिरलें होतें, आणि त्याला त्याचा पत्ताहि नव्हता. अशा अनेक गोष्टी बारकाईनें पाहून ब्रँड यांनीं दाखविलें कीं, या रुग्णांचें मांस इतरांसारखेंच असतें. जखम झांकली, जपली, तर तीहि इतरांसारखीच भरते. हात झिजतात ते न कळलेल्या चिरांनीं, चटक्यांनीं आणि घासण्यानें. पुढें अमेरिकेंत त्यांनीं अशा रुग्णांसाठीं कृत्रिम वेदनेचें यंत्र करण्याचा यत्न केला. तो फसला, कारण यंत्राची सूचना त्रासदायक वाटूं लागली कीं रुग्ण तें बंद करून टाकीत. वेदना ही बंद करतां येत नाहीं, यांतच तिचा उपयोग आहे.

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यांत वरोरा येथें 1949 सालीं बाबा आमटे यांनीं महारोगी सेवा समिति स्थापिली आणि आनंदवन उभें केलें. शेजारच्या मूल तालुक्यांतील सोमनाथ प्रकल्प त्याच कार्याची शाखा होय. हा रोग आतां पूर्ण बरा होतो. औषध सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतें, आणि तें सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत रोग दुसऱ्यास लागण्याचा धोका उरत नाहीं. तथापि चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत नवे रुग्ण अजूनहि सांपडतात, हें विसरून चालणार नाहीं.

वाचकांनीं आमच्या त्या विद्यार्थ्याचें पुढें काय झालें हें एव्हांना ताडलें असेल. पुढच्या उन्हाळ्यापूर्वीं आरोग्य खात्याचे कर्मचारी शाळेंत तपासणीस आले. त्यांनीं मुलास डोळे मिटावयास सांगून तळहातावर कापसाचा पुंजका फिरविला. करंगळीच्या बाजूस त्याला कांहींच कळलें नाहीं. कोपराजवळचा एक फिकट चट्टा तेव्हां प्रथमच कोणीतरी नीट पाहिला. त्यानें बारा महिने औषध घेतलें व तो बरा झाला. आज तो कमावता आहे. परंतु डाव्या हाताचीं शेवटचीं दोन बोटें किंचित् वांकडीं राहिलीं, कारण मध्यंतरींच्या महिन्यांत मज्जातंतूची हानि होऊन गेली होती. ज्याला आम्हीं धैर्य म्हटलें तें धैर्य नव्हतें, रोगाचें पहिलें लक्षण होतें. आणि कांट्यासाठीं रडणारा मुलगा भित्रा नव्हता. त्याचा कांटा खोल रुतून पिकला होता, आणि त्याचें शरीर आपलें काम चोख करीत होतें. आम्हीं दोघांचीहि क्षमा मागितली. दोघांनीं ती हंसत दिली, परंतु आमच्या मनांतून ती गोष्ट जात नाहीं.

म्हणून विद्यार्थ्यांनो, धारेच्या हत्यारानें जखम झाली तर दुखतें किती हें न पाहतां पुढील गोष्टी करा. स्वच्छ कापडानें जखम घट्ट दाबून धरा व तो भाग उंच ठेवा. राख, माती, तंबाखू किंवा हळद तींत भरूं नका. पातें आंत रुतलें असेल तर तें ओढून काढूं नका, तसेंच दवाखान्यांत न्या. खोल व अरुंद जखमेंत मातींतील धनुर्वाताचे जंतु विशेष वाढतात, यास्तव लस घेतली आहे कीं नाहीं हें डॉक्टरांस सांगा. दहाव्या व सोळाव्या वर्षीं मिळणारी ती लस चुकवूं नका. आणि जखम दुखलीच नाहीं, तर अभिमान बाळगूं नका. घरीं सांगा, त्या जागीं कापूस फिरवून स्पर्श कळतो कीं नाहीं तें पाहा, आणि न कळल्यास दवाखाना गांठा.

पालकांस आमची एक विनंति आहे. "मुलगा असून रडतोस?" हें वाक्य घरांतून घालवून द्यावें. जें मूल दुखतें म्हणून सांगतें त्याचें ऐकावें. जें मूल कधींच सांगत नाहीं त्याचे हातपाय दिव्याजवळ घेऊन पाहावे. आणि तपासणींत चट्टा आढळला तर लपवूं नये. ज्या रोग्यांस लोक दूर लोटीत, त्यांना प्रभु येशूनें हात पुढें करून स्पर्श केला. स्पर्श कळतो कीं नाहीं हें पाहण्यासाठींसुद्धां कोणीतरी आधीं स्पर्श करावा लागतो, आणि तेवढें त्या दिवशीं आमच्याकडून राहून गेलें.